भेग खांबाला कधी टेकेल?

माझ्या लेकीच्या गणिताच्या बाईंची एक पद्धत आहे. आठवडाभर एखादी गोष्ट स्वतः मोजायची, तिचंच उदाहरण रचायचं आणि सोडवताना पायरीन् पायरी लिहायची: काय दिलंय, काय काढायचंय, रीत, उत्तर. बाकीच्यांनी रोपटी मोजली. माझ्या कन्येने वर्गातल्या तक्त्यामागची भेग निवडली.

सोमवारी चाळीस सेंटीमीटर, मंगळवारी त्रेचाळीस, बुधवारी सेहेचाळीस. खांब बरोबर शंभरावर. भेग खांबाला कधी टेकेल?

गुरुवारी तिने अठ्ठावन्न लिहिलं. मी म्हटलं, पट्टी सरकली असेल. रोज तीन वाढते तर एकोणपन्नासच हवं. ती कुरकुरली, पण तिने खोडलं. मग सगळं सुतासारखं सरळ झालं. शंभर वजा एकोणपन्नास, एक्कावन्न. भागिले तीन. उत्तर: सतरा दिवस. मी पाठ थोपटली.

शुक्रवारी दुपारी वही बाईंकडे देऊन ती घरी आली. बूट काढता काढता म्हणाली, "आई, आज ब्याऐंशी आहे. कालही अठ्ठावन्नच होतं. मी आणि माझ्या मैत्रिणीने, दोघींनी मोजलं होतं. तू म्हणालीस म्हणून खोडलं."

मी पाठकोऱ्या कागदावर पुन्हा मांडलं. आधी तीन, परत तीन, मग बारा, मग चोवीस. उरले अठरा. म्हणजे एक दिवससुद्धा नाही. उद्या सकाळची शाळा.

नवऱ्याने विचारलं, आता भिंतीचा तापही बघून येणार का. त्याचंही चुकलं नाही. यंदा पाण्याच्या टाकीवरून, कात्र्यांवरून, फाटकाच्या कडीवरून मी शाळेला इतके फोन केलेत की माझं लांडगा आला रे आला झालंय. तरीही मी फोन लावला. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, बाईंकडून वही मागवली आणि उलट फोन केला.

"तुमच्याच मुलीच्या वहीत सतरा दिवस आलेत. सुट्टी बारा दिवसांवर आहे. सुट्टीत गवंडी बोलावू."

एकोणपन्नास माझं आहे, हे मी कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मग ब्याऐंशी तरी कुणाचं धरायचं?"

लेकीला घरी ठेवणं सोपं होतं. पण वर्गात आणखी एकेचाळीस मुलं आहेत.

शनिवारी मी वर्गाच्या दारातच खुर्ची टाकून बसले. व्हरांड्यात मुलं खुसखुसत होती. एक आई दुसरीला म्हणाली, हिला इथेच नोकरी द्या, फोनचा खर्च तरी वाचेल. मुख्याध्यापिका आल्या तशी मी म्हटलं, माझा आकडा नको, मुलीचाही नको. तुम्ही मोजा, मग मी उठते.

त्यांनी शिपाईमामांना तक्ता उतरवायला लावला आणि पट्टी स्वतः धरली. मोजलं. पट्टी उचलून पुन्हा मोजलं. खांबाच्या कडेने चुन्याची भुकटी त्यांच्या मनगटावर सांडत होती, आणि ती थांबत नव्हती.

"किती आलं?" लेकीने बाहेरून विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला नाही. "मामा, घंटा देऊ नका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आधी वरचे वर्ग मैदानात न्या. जिन्यात कुणाला धावू देऊ नका."

मामा वळले. वरच्या मजल्यावरची मुलं केव्हाच येऊन बसली होती; डोक्यावर त्यांची बाकं सरकत होती.