हलकेपणा

“दोर ढिला सोड,” शेंड्या वरून ओरडला आणि खोडाला लाथ घालावी तसा त्यानं पाय रोवला. “बोटभर जरी ओढलास, तर खाली येऊन मनगट मोडीन तुझं.”

“मोड की. मग संध्याकाळी तुझ्या मेहुणीला सांग, नवऱ्याला भरवत बस म्हणून,” खालून साडू म्हणाला.

फांद्या ओढणारे दोघं हसले. कंत्राटदार हसला नाही.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. शेंड्या झाडावर चढायचा, साडू खाली दोर धरायचा. दोराचं एक टोक शेंड्याच्या कमरपट्ट्याला, दुसरं वरच्या बेचक्यातून फिरून साडूच्या हातात. वरचा चढेल तसा खालच्यानं दोर आवरत जायचा, म्हणजे पाय निसटलाच तर माणूस लोंबकळतो, पडत नाही. हे काम गाढवालाही शिकवता येईल, असं शेंड्याचं मत होतं आणि ते त्यानं कधी पोटात ठेवलं नव्हतं. आज चहा पिताना साडूनं सगळ्यांसमोर परतफेड केली होती.

“हा चढतो कसला! मी चढवतो याला. नाहीतर पहिल्याच फांदीला वाळत घातलेल्या पायजम्यासारखा लोंबेल.”

नेमकं आजच. कंत्राटदारानं शिडीची गाडी घेतली होती. गाडी शिरत नाही अशा जागीच आता चढणारा लागणार होता, तोही एकच.

“राग मानू नका मामा,” तो म्हणाला होता. “आजचं झाड बघतो, मग ठरवतो.”

“दात पण दाखवू का?” शेंड्यानं विचारलं होतं.

झाड एका घराच्या मागच्या अंगणात होतं. बोळ अरुंद, शेंडा वाळलेला, कौलांवर झुकलेला. घराची मालकीण खिडकीत मोबाइल धरून उभी होती. झाड म्हातारं झालं की लोक त्याचे फोटो काढतात. माणूस म्हातारा झाला की त्याला बघून ठरवतात.

खालच्या दोन फांद्या शेंड्यानं जाता जाता उतरवल्या. दोन्ही सांगितल्या जागी पडल्या. त्याच्या वर मात्र खोड सरळ आणि उघडं होतं. त्यानं गुडघा टेकला, हातांनी अंग ओढलं. अंग आलं नाही. पुन्हा ओढलं. मांडी थरथरायला लागली, पोटरीत गोळा आला. कंबरेखाली कुणी भिजलेलं पोतं बांधल्यासारखं झालं. काल याहून उंच झाडावर तो शीळ घालत गेला होता. एका रात्रीत झालं तरी काय?

“मामा, काय झालं?” कंत्राटदारानं हाक मारली.

“दोर अडकलाय साहेब!” शेंड्याच्या आधी साडूच बोलला. “बेचक्यात अडकलाय. सोडवतो.”

दोर अडकला नव्हता. शेंड्यानंच सोडायला लावल्यासारखा तो त्याच्या डोळ्यांसमोर ढिला लोंबत होता. बघता बघता तो झोल आवरला गेला, कमरपट्ट्याच्या मांडीखालच्या पट्ट्यांनी अलगद धरलं, आणि लांबून कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी एक ओढ लागली. पाय आपसूक वर गेला.

हा हलकेपणा शेंड्याच्या ओळखीचा होता. काल होता. गेल्या वर्षी होता. ‘अजून खारीसारखा चढतो मी’ असं बायकोला सांगताना तो याच हलकेपणाबद्दल बोलत असे.

म्हातारपण एका रात्रीत आलं नव्हतं. ते केव्हाच येऊन बसलं होतं. साडूनं ते खालून उचलून धरलं होतं.

दुसऱ्या कुणाचे डोळे भरून आले असते. शेंड्याचं टाळकं फिरलं. त्यानं छाती काढून मिरवावं, याला गाढव म्हणावं, आणि यानं निमूटपणे दोर ओढत ऐकून घ्यावं! हे उपकार नव्हते, चोरी होती. हा हसत असणार, म्हणून त्यानं खाली बघितलं. साडू हसत नव्हता. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यानं फक्त हनुवटी उचलली. चढ.

बेचकं दोन हातांवर होतं. कुणालाही कळलं नसतं.

“साहेब!” शेंड्या एवढ्या मोठ्यानं ओरडला की खिडकीतला मोबाइल खाली आला. “दोर अडकलेला नाही. हा ओढतोय मला. माझ्यानं होत नाही. उतरवा.”

तो जमिनीला टेकला तेव्हा साडूचा चेहरा लालबुंद झाला होता.

“हरामखोर. दोन हात राहिले होते.”

“कधीपासून?”

“आता विचारतोस?”

“कधीपासून ओढतोयस?”

“तू मिशांना रंग लावायला लागलास, तेव्हापासून.”

कंत्राटदारानं दुसऱ्या कामावरच्या चढणाऱ्याला फोन करून बोलावलं. मग तो शेंड्याजवळ आला. “घरी नाही बसवत तुम्हाला मामा. तुम्हाला वरचं कळतं, तेव्हा खालचा दोर तुम्ही धरा. पण एका दोराला दोन माणसं मला परवडत नाहीत.”

दोर साडूच्या हातातच होता. त्याचा त्यानं मनगटाला आणखी एक वेढा दिला.

शेंड्या त्या हातांकडे बघत राहिला.

“मला नाही जमणार,” तो म्हणाला.

“अहो, सोपं तर आहे.”

“वर दुसरा कुणी दिसला की माझ्या हातून दोर सुटेल. चुकून नाही, मुद्दाम सुटेल. आत्ताच सांगून ठेवतो.”

“मग फांद्या ओढा,” कंत्राटदार म्हणाला. “दुसरं काही नाही माझ्याकडे.”

शेंड्यानं कमरपट्टा सोडून जमिनीवर टाकला. आपणच पाडलेली फांदी बुडख्याशी धरली आणि ओढायला लागला.

“तिकडे नको,” साडू त्याच्याकडे न बघता म्हणाला. “दोराखाली येतंय ते. भिंतीकडे टाक.”

शेंड्या थांबला. सगळे आता शिवी ऐकायला तयार झाले. त्यानं फांदी वळवली.

अर्ध्या वाटेत ती एकदम हलकी झाली. तो गर्रकन मागे वळला.

मागे कुणी नव्हतं. जमिनीला उतार होता.