कालामाताच्या दवाखान्यातला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. ग्रीसमधल्या कालामाता शहरात, मुलांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं उभा आहे. ओतीव लोखंडाचा, सरकत्या वजनांचा. मला भंगारात काढायच्या गप्पा दरवर्षी होतात. पण उचलायची कुणाची छाती आहे!

अकरा वर्षांची अरेती माझ्यावर चढली, तेव्हा रडवेली झाली होती. शाळेत पोरं तिला 'पिंप' म्हणायची. तिची आजी कॅलिरोई मात्र आकडा ऐकून खुलली. "दृष्ट लागेल गं माझ्या बाळाला!" म्हणत तिने तीनदा थू थू केलं.

डॉक्टर फोतेनींनी पोरीची काळवंडलेली मान दाखवली. "आजी, हा मळ नाही. अंगात इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याचं ऐकेनासं झालंय. जादा चरबीने आत गंज चढल्यासारखं होतं. मधुमेह दारात उभा आहे. उपाशीपोटी रक्त तपासू."

गंज काय करतो, हे मला लोखंडाला कुणी सांगायला नको. मी चरकलोच.

दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा आकडे भलतेच. तिसऱ्या वेळी परिचारिकेला अरेतीच्या हनुवटीवर चेरीच्या मुरंब्याचा पाक दिसला.

"चमचाभरच दिला!" आजी उसळली. "आमच्या घरातून पोर उपाशी बाहेर पडत नाही!"

"याया, आजोबांचा पाय साखरेनेच गेला ना?" अरेती म्हणाली. आजीला ती याया म्हणायची. "माझाही जाऊ द्यायचा का? उद्या मी उपाशीच येणार."

आजी मटकन बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी दोघीही उपाशी आल्या. "ती खाणार नाही, तर माझ्या घशाखाली कसं उतरेल?" आजी पुटपुटली.

निकाल वाईट होता, पण खरा होता. मग सरबतं बंद झाली. आजी-नात रोज संध्याकाळी ऑलिव्हच्या बागेपर्यंत चालू लागल्या. आजी वाटभर कुरकुरायची, पण एक दिवसही चुकली नाही.

सहा महिन्यांनी माझा आकडा जवळजवळ तोच! अरेतीचा चेहरा पडला. मला माझीच लाज वाटली.

"त्या काट्याला काय कळतंय?" डॉक्टर हसल्या. "तू उंच झालीस, आणि इन्सुलिन निम्म्यावर आलंय. शरीर पुन्हा ऐकायला लागलंय, पोरी!"

आजीने अरेतीला घट्ट कवटाळलं. मित्रांनो, स्वतःची निंदा ऐकून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

म्हणून सांगतो, तुमच्या वर्गातलं कुणी माझ्यावर चढलं, तर आकडा वाचायला मागे उभे राहू नका. ते उतरलं की त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा.