लई आनंद झाला ऐकून

"अव्वांना आपण जाऊ द्यायचं नाही, ताई," असं म्हणून प्रियदर्शनीनं लॅपटॉप चंद्रिकाकडं वळवला. "म्हणजे ब्रँडमधून म्हणतेय मी."

चंद्रिकानं लॅपटॉपकडं पाहिलं नाही. तिनं प्रियदर्शनीकडं पाहिलं. ज्वारी घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे वर काढून बघावेत, तशी ती या मुलीला गेलं वर्षभर बघत आली होती. तळाशी काय आहे ते अजून हाताला लागलं नव्हतं.

बाळीवेशीतलं ते दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कडक भाकऱ्यांच्या चवडी, शेंगाचटणीच्या बरण्या आणि समोरच्या भिंतीवर अव्वाचा, म्हणजे त्यांच्या आईचा, मोठा रंगीत फोटो. फोटोला हार नव्हता. तो जाहिरातीसाठी काढलेला, अव्वा जिवंत असतानाच तिथं लावलेला. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'जेवलात का?' अव्वाला जाऊन दोन महिने होत आले तरी फोटो तसाच हसत होता.

"पुढच्या महिन्याच्या सगळ्या पोस्ट आजच लावून ठेवू," प्रियदर्शनी सांगत होती. "अव्वांचे जुने व्हिडिओ पुष्कळ आहेत. भाकरी थापताना, चटणी कुटताना. लोकांना तोच चेहरा हवाय."

"लोकांना ती गेल्याचं कळायला नको?"

"कळू नये असं मी कुठं म्हणतेय, ताई? आपण आपणहून सांगत नाही, एवढंच. खोटं बोलणं वेगळं, न सांगणं वेगळं."

नंदीश, चंद्रिकाचा धाकटा भाऊ, बरण्यांना लेबलं लावत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "अक्का, कामाला येणाऱ्या बायकांचा तरी विचार कर. अव्वा नाही म्हटल्यावर कोण विचारतंय आपल्याला? सोलापुरात गल्लीगल्लीत चटणी मिळते."

प्रियदर्शनीला नंदीशनंच आणलं होतं. छोट्या दुकानदारांनी वेळ कसा वाचवावा आणि धंदा फोनवरून कसा वाढवावा, हे ती शिकवायची. तिच्या एका शिबिराला तो सकाळी जांभया देत गेला आणि संध्याकाळी डोळे चमकवत परत आला.

अव्वाला धंदा कुणी शिकवला नव्हता. चंद्रिकाचे वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली, त्या साली तिनं चुलीवर चार भाकऱ्या जास्त टाकायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत ती त्या टाकतच राहिली. तिची रीत अशी, की गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बसवायचं, जेवण झालं का विचारायचं, मग चटणी कोण खाणार ते विचारायचं. घरात लहान मूल असेल तर तिखट बेताचं, म्हातारं माणूस असेल तर कूट बारीक. एवढं झाल्याशिवाय ती बरणीला हात लावायची नाही. पहिल्या दिवशी प्रियदर्शनीनं हे बघितलं आणि म्हणाली, "अव्वा, गिऱ्हाइकाशी बोलण्यात तुमचा अर्धा दिवस जातो. ही गळती आहे."

"गळती न्हाय बाळ," अव्वा म्हणाली, "ते गिऱ्हाईक हाय."

हेही प्रियदर्शनीनं लगेच फोनवर टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अव्वाच्या फोटोवर छापून सगळीकडं पाठवलं. अव्वाला गंमत वाटली, पण तिनं चंद्रिकाला आत बोलावून हळूच सांगितलं, "ही पोरगी आली की माझ्या तोंडाकडं बघत न्हाय बघ. माझ्या मागच्या भिंतीकडं बघती. भिंत आवडली की मग मला हसती."

फोनवर लोक अव्वाला बोलून मेसेज पाठवू लागले तेव्हा प्रियदर्शनीनं तोडगा काढला. एकसारखी कामं एकाच दिवशी उरकायची, हे तिचं आवडतं सूत्र. एका दुपारी अव्वाला पंख्याखाली बसवून तिच्या आवाजात उत्तरं भरून घेतली. बरं हाय की. देव भलं करो. असंच येत जा, बाळ. ऑर्डर नसलेल्या मेसेजला त्यातलं एकेक उत्तर आळीपाळीनं आपोआप जायचं.

"आता म्हणा, लई आनंद झाला ऐकून."

"कशाचा आनंद?" अव्वानं विचारलं. "आधी काय झालं ते तर सांग."

"कशाचाही, अव्वा. सगळ्याला चालेल असं."

अव्वानं संशयानं तिच्याकडं बघितलं, मग चंद्रिकाकडं. चंद्रिका तेव्हा काही बोलली नाही. अव्वानं पदर सारखा केला आणि म्हटलं, "लई आनंद झाला ऐकून. ऊटा आतेन?" जेवण झालं का, हे ती कानडीतून विचारल्याशिवाय बोलणं संपवायचीच नाही.

मग दिवाळीच्या आधी अव्वा गेली. सकाळी पूजेला बसली होती, तिथंच. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. माणूस लिंगात मिळालं, त्याचा विटाळ कसला, असं जंगम स्वामींनी सांगितलं. अव्वा स्वतःही हेच सांगायची. मातीला भाऊबंद आले, गल्ली आली, संध्याकाळी घर धुतलं, आणि एक दिवस सोडून दुकानाचं दार उघडलं. चूल पेटली. दारावर पाटी लागली नाही. लांबच्या गिऱ्हाइकांना कळायला काही वाटच उरली नाही. आपल्या धर्मानं घालून दिलेली एवढी सरळ रीत अशा कामी येईल, हे चंद्रिकाच्या ध्यानात आलं नव्हतं. प्रियदर्शनीच्या मात्र आलं होतं. "तुमच्यात सुतक नाही ते किती बरं आहे ना," ती तेव्हा म्हणाली होती. "सलगता तुटली नाही."

'सलगता' हा शब्द चंद्रिका अजून विसरली नव्हती.

"निंगव्वा हाय का घरात?"

पायरीवर एक बाई उभी होती. साठीची, उन्हानं रापलेली, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. कपाळ मोकळं होतं.

चंद्रिकाच्या आधी प्रियदर्शनी बोलली. "अव्वा जरा बाहेरगावी गेल्यात, मावशी. काय हवं होतं?"

"कंच्या गावाला?"

"अक्कलकोटला."

"कवा येणार?"

"दोन-चार दिवस लागतील."

"बसते की मग," असं म्हणून बाई चपलांसकट आत आली आणि पोत्यावर टेकली. "भाकर बांधूनच आलीया. आज न्हाय तर उद्या ईल. आल्याबिगर मी हलत न्हाय."

नंदीशनं लेबल हातातच धरून प्रियदर्शनीकडं बघितलं. प्रियदर्शनी नुसती हसली.

बाईनं चंद्रिकाला न्याहाळलं. "तू चंद्री न्हवं? मी फुलाबाई. सांगोल्याकडची. डोळ्याच्या दवाखान्यात तुझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर हुते मी. तू डबा आणायचीस."

चंद्रिकाला आठवलं. मोतीबिंदूचं शिबिर होतं. दोघींच्या डोळ्यांवर पट्ट्या, आणि तोंडं दिसत नसताना दिवसभर चाललेल्या गप्पा. अव्वा म्हणायची, हिचं तोंड बघायच्या आधी हिच्या शेरडांची नावं मला पाठ झाली.

"तुज्या आईशी भांडायला आलीया मी," फुलाबाई म्हणाली. तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला, अंगठ्यानं चाचपत काहीतरी दाबलं आणि तो पुढं धरला. "ऐक."

आधी तिचाच आवाज आला, फुटका, वाऱ्यात सापडलेला. "निंगव्वा, फुलाबाई बोलतीया. आमचं मालक गेलं गं. परवा. तुला सांगायचं ऱ्हायलं."

मग अव्वाचा. स्वच्छ, पंख्याखालचा. "लई आनंद झाला ऐकून. ऊटा आतेन?"



"पोरगं म्हणालं, आये, म्हातारी बहिरी झाली आसंल," फुलाबाई म्हणाली. "म्हणलं, बहिरी झाली तर काय तरी इचारंल की, काय म्हणलीस म्हणून. मग म्हणलं डोस्कं फिरलं आसंल. लई राग आला. दवाखान्यात माज्या मालकाला नुसती धाप लागली हुती तवा खाटंवर उठून बसलेली बाई ती. ती असं बोलंल? म्हणून आले." ती थांबली. "आन् यष्टीत बसल्यावर मनात निराळंच आलं."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग प्रियदर्शनीकडं, मग पुन्हा चंद्रिकाकडं.

"ती हाय न्हवं?"

"मावशी, अव्वा..." प्रियदर्शनीनं सुरुवात केली.

"तुला न्हाय इचारलं बाई."

"नाही," चंद्रिका म्हणाली. "अव्वा गेली. दिवाळीच्या आधी." हे शब्द या खोलीत बाहेरच्या माणसासमोर तिनं पहिल्यांदाच उच्चारले होते. ते फार साधे निघाले.

फुलाबाईनं मान हलवली. ते तिला पायरीवरच कळलं असावं. "मग बोलत कोण हुतं?"

"तीच. आधी बोलून ठेवलं होतं."

"मराच्या आधी?"

"हो. कुणी काही म्हटलं तरी जाईल असं."

फुलाबाईनं फोनकडं बघितलं. मग तो उपडा करून मांडीवर ठेवला. "म्हंजी गेलेल्या माणसाला मी माज्या गेलेल्या माणसाचं सांगत बसले हुते," ती म्हणाली.

प्रियदर्शनीचे डोळे भरून आले होते. चंद्रिकानं ते नीट पाहिलं. पाणी खरं होतं. त्याच वेळी त्या मुलीचा हात टेबलावरच्या फोनकडं गेलेलाही दिसला.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझं चुकलं. आपण सांगून टाकूया सगळ्यांना. मावशींसोबतच. तुम्ही दोघी अशाच बसा, मी फक्त..."

"फोन खाली ठेव."

"ताई, हे खरं आहे म्हणून म्हणतेय. लोकांना हे भिडेल."

इतके दिवस चंद्रिकाला वाटत होतं, की ही मुलगी आतून काहीतरी लपवते आहे. तिच्या लक्षात आलं, की लपवलेलं काही नव्हतंच. रडू आणि फोन, दोन्ही एकदमच येत होतं, आणि त्यात काही वावगं आहे हे त्या मुलीला माहीत नव्हतं.

"ती उत्तरं बंद कर," चंद्रिका म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"करते. पण लोकांना कळवायचं कसं? निदान एक मेसेज लिहू, एकदम सगळ्यांना जाईल."

"मी एकेकाला फोन करीन."

"अक्का, केवढे लोक आहेत," नंदीश म्हणाला. "महिना जाईल त्यात."

"जाऊ दे. आई गेलीय, नंदीश. महिना जायलाच पाहिजे होता."

नंदीश खाली बघत लेबलाचा कोपरा नखानं सोलत राहिला. "मी रोज एक मेसेज पाठवतो," तो म्हणाला. "माझ्या फोनवरून. दुकानाच्या नंबरला. काही पण बोलतो. मग ती विचारते, जेवण झालं का."

चंद्रिकाला हे माहीत नव्हतं. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, आणि एक क्षण असंही वाटलं, की राहू दे, एकट्या नंदीशपुरतं राहू दे. समोर फुलाबाई बसली होती. मांडीवर फोन उपडा.

"बंद कर," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज खाली आला होता.

प्रियदर्शनीनं लॅपटॉपवर काहीतरी केलं. आवाजही झाला नाही. तिनं पडदा चंद्रिकाला दाखवला, मग सामान आवरलं. दारात ती घुटमळली. "येते, ताई," म्हणाली आणि गेली.

फुलाबाई उठली. चंद्रिकाला वाटलं, हीही निघाली. पण ती पायरीपर्यंत गेली, तिथं चपला काढल्या आणि पुन्हा आत आली. या वेळी ती पोत्यावर बसली नाही. दुकान ओलांडून माजघरात गेली, डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. चंद्रिका तिच्यामागून गेली. शेजारी बसताच फुलाबाईनं तिला गळ्याशी ओढलं आणि गळा काढला. निंगव्वाचं नाव घेऊन, खाटेच्या शेजारणीचं सगळं आठवत, उंच, लांब, लाज न बाळगता. या घरात असं कुणी रडलं नव्हतं. माती झाली त्या दिवशी आरती झाली होती, कानडी वचनं म्हटली होती, सगळं रीतीनं, शांतपणानं. चंद्रिकानं आधी दात आवळून धरले. मग धरवलं नाही.

रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "मालक कसे गेले, मावशी?"

"शेरडं कोंडली. पाणी प्याले. उंबऱ्यावर बसले ते बसलेच."

"अव्वालाही बसवूनच नेलं," चंद्रिका म्हणाली. "आमच्यात झोपवत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन बसवतात."

"बरं हाय," फुलाबाई म्हणाली. "बसलेलं माणूस जरा तरी घरातलं वाटतं."

नंदीशनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो दोघींपासून थोडा दूर, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. फुलाबाईनं पाण्याला नुसती बोटं लावली आणि तोंडावर फिरवली. चहाला नको म्हणाली. बांधून आणलेली भाकर तिनं उघडली नाही. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन हाका मारत होतं. नंदीश गेला आणि दुकानाचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

ऊन कलल्यावर फुलाबाई उठली. पदर खोचला, पिशवी काखेत मारली. माती झाल्यापासून या दारातून जो तो जाताना 'येतो' म्हणून गेला होता, गिऱ्हाइकं, कुरिअरवाले, शेजारीपाजारी. ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथून निघताना तसं म्हणत नसतात.

फुलाबाईनं पायरीवर चपला चढवल्या. चंद्रिकाकडं बघितलं नाही, काही बोलली नाही. बोळाच्या भिंतीला हात लावत ती सावकाश चालू लागली, आणि वळणापर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. चंद्रिका दारात उभी होती. तिनंही 'या' म्हटलं नाही.