एकवीस घड्याळं, एक नंबर

गुरुवारी दुपारी शेळगावच्या त्या पत्र्याच्या शेडखाली पाय ठेवायला जागा नव्हती. पिकअप आणि दुचाक्या पार पाटाच्या पुलापर्यंत लागल्या होत्या. बायका पुढे, पुरुष मागे आणि मधे सतरंजीवर आजारी माणसं. कुणाचा अर्धा भाग लुळा पडलेला, कुणाच्या पोटात गाठ. समोर गादीवर घटिकानाथ महाराज बसले होते. चाळिशीचा माणूस, राखाडी कफनी, मनगट मोकळं. महाराजांना वेळ लागू होत नाही, असं त्यांच्या सेवेकऱ्यानं माइकवरून दोनदा सांगितलं. सभा मात्र बरोबर दोनला सुरू झाली.

माझी मावशी भामाबाई शेळगावातच राहते. तिचे गुडघे गेलेत, म्हणून तिला धरून न्यायला मी इंदापूरहून आले होते. इंदापूरला एसटी स्टँडसमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या मागं सतरा वर्षं मीच चालवते.

महाराज सांगत होते, "माझ्या गुरूंना एका संस्थानिकानं एकवीस घड्याळं दिली. स्वित्झर्लंडची, अल्बेरा कंपनीची. आज सोनं मोजून मिळायची न्हाईत. गुरूंनी समाधी घेतली दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आणि एकवीसच्या एकवीस त्याच क्षणाला थांबली. मोठमोठे कारागीर आले, परदेशी इंजिनेर आले, यंत्रं लावली. उपेग न्हाय. ती चावीनं चालत न्हाईत, आयुष्यानं चालतात. ज्याचं आयुष्य शिल्लक हाय, त्याच्या नावानं ती जागी व्हतात."

मग जोतीराम पुढं आला. शेळगावचाच डाळिंबवाला शेतकरी. सोबत बायको रेश्मा, आई प्रयागबाई आणि नऊ वर्षांची मुलगी छकुली. छकुलीला फिट यायच्या. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या आणि आठ महिन्यांत एकही फिट आली नव्हती. पण गोळ्या अजून काही वर्षं घ्याव्या लागतील असं डॉक्टर म्हणाले होते, आणि पोरीला फिटचं औषध चालू आहे हे चार लोकांत कळलं तर पुढं तिचं लग्न कसं होणार, हा घोर प्रयागबाईंना लागला होता.

महाराजांनी गार पाण्याच्या घंगाळात ठेवलेला पितळी डबा उघडला. त्यातलं एक घड्याळ काढून सगळ्यांना दाखवलं. काटे चार दहावर. मग ते मुठीत घेतलं, डोळे मिटले, ओठ हलवत बसले. दोन-तीन मिनिटं गेली. शेवटी मूठ झटक्यानं कपाळाला लावली आणि घड्याळ छकुलीच्या कानाशी धरलं.

"वाजतंय," ती म्हणाली आणि हसली.

शेडमधले सगळे हात जोडले गेले. महाराजांनी घड्याळ तिच्या बारक्या मनगटावर बांधलं. "एक पथ्य हाय. गोळी आन् घड्याळ एका अंगावर नांदत न्हाय. गोळी पोटात गेली की घड्याळ थांबंल. आन् घड्याळ थांबलं की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती.

ती मूठ कशासाठी होती, ते मला तिथंच कळलं होतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही कळलं असतं. पण मी उठले नाही. मावशीला याच गावात राहायचंय, असं स्वतःला सांगितलं आणि तिचा हात धरून बाहेर पडले.

तीन आठवड्यांनी सकाळी मावशीकडून पत्ता घेऊन रेश्मा दुकानात आली. घाम पुसायचंही तिला भान नव्हतं. पदराच्या गाठीतून तिनं ते घड्याळ काढलं.

"ताई, एवढं चालू करून द्या. ते बाजारात गेल्यात, यायच्या आत."

"कधी बंद पडलं?"

तिनं दाराकडं बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "काल सांजच्याला मी तिला अर्धी गोळी दिली. गुपचूप. पोरगी दोन दिस नजर लावून बसत हुती, हाकेला ओ देईना, मला भ्या वाटलं. आन् सकाळी बघती तर ह्ये बंद."

मी मागचं झाकण उघडलं. ड्रॉवरमधून माझ्या वडिलांचं, रावजींचं घड्याळ काढलं. ते अस्सल अल्बेरा होतं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं. पुण्या-मुंबईचे शौकीन असली घड्याळं जमवतात, म्हणून त्यांचे डुप्लिकेटही निघतात. दोन्ही शेजारी ठेवली आणि भिंग तिच्या हातात दिलं.

"तबकडीवरची अक्षरं बघ. यातली कशी सुईनं कोरल्यासारखी आहेत. तुझ्यातली शाई फुटलीय, मिनिटांचे ठिपकेसुद्धा वाकडे पडलेत. आता आत बघ. यात मशीनवर कंपनीचा शिक्का आहे, तुझ्यात कोराच पत्रा. हे कुठल्या संस्थानिकाचं नाही, रेश्मा. हात हलला की आपोआप चावी भरणारी भंगारातली मशीन आणि रंगवलेली तबकडी."

तिनं भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं. "आसंल. पण गोळी दिली आन् बंद पडलं, ह्ये तर खरं हाय ना?"

"त्यातलं ग्रीस वाळून घट्ट झालंय. ते बंद पडणारच होतं. गोळी दिली असती तरी, नसती तरी. तू आजच पोरीला डॉक्टरांकडं ने. गोळ्या अशा मधेच बंद करत नाहीत."

"सासूबाईंनी गोळ्या पाटात टाकल्या. पिठाच्या डब्यात एक पाकीट दडवलंय मी. देती. पण आधी ह्ये चालू करा. बंद दिसलं तर त्ये मला जित्ती सोडायचे न्हाईत."

मी करून दिलं. मशीन खोलली, साफ केली, नवं तेल घातलं. माझा हात चांगला आहे. ते खोटं घड्याळ मिनिटाचीही चूक न करता चालायला लागलं. रेश्मानं ते कानाशी धरलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो दिलासा उतरला तो पाहून मला वाटलं, आपण एका बाईचं काम केलं.

सोळा दिवसांनी मावशीचा फोन आला. छकुली गेली होती. दुपारी चारच्या सुमारास, एकामागून एक फिट. जोतीरामनं शेजाऱ्याच्या गाडीत घालून बारामती गाठली, पण वाटेतच सगळं संपलं होतं. दवाखान्यात नर्सनं तिच्या मनगटावरून घड्याळ काढून बापाच्या हातात दिलं. ते चालू होतं.

महाराजांकडं याचंही उत्तर तयार होतं. घड्याळ चालू आहे म्हणजे आयुष्य शिल्लक होतं, ते कुणीतरी घरातूनच तोडलं. गोळी कुणी दिली, ते विचारा. रेश्मा सगळ्यांसमोर म्हणाली, अर्धी गोळी मी दिली होती, एकदाच. तेवढं पुरलं. दहावा व्हायच्या आत तिला माहेरी, वडगाव निंबाळकरला धाडून दिलं.

मी गेले. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मीच मारली, ताई."

"पाकिटातल्या गोळ्या दिल्या होत्यास?"

"न्हाय. तुमी करून दिल्यापून घड्याळ येकदाबी थांबलं न्हाय. म्हनलं, आता बरं चाललंय, आपण कशाला..." तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

माझ्या हातांचं ते काम होतं. मी तेल घातलं नसतं तर घड्याळ चार वेळा थांबलं असतं, घरात आरडाओरडा झाला असता, कदाचित कुणीतरी पोरीला डॉक्टरकडं उचलून नेलं असतं. कदाचित. मी रेश्माला सांगितलं की छकुलीच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. अर्ध्या गोळीनं काही झालेलं नाही, गोळ्या एकदम थांबवल्यामुळं फिट उसळल्या. तिनं मान हलवली. "मला बरं वाटावं म्हनून सांगताय."

एकटीनं सांगून भागणार नव्हतं. ज्या शेडमध्ये तिच्यावर आळ आला होता, तिथंच बोलावं लागणार होतं.

पुढच्या गुरुवारी मी भिंग, झाकण उघडायची हत्यारं आणि वडिलांचं घड्याळ घेऊन गेले. गर्दी तेवढीच होती. जोतीराम मागे खांबाला टेकून उभा होता, दाढी वाढलेली. महाराज समाधीच्या क्षणावर आले तेव्हा मी उठले.

"मी इंदापूरची घड्याळवाली. एकवीसपैकी निदान सात घड्याळं आज इथं लोकांच्या हातावर आहेत. त्यांची मागची झाकणं उघडून दाखवते. परवानगी द्या."

"अविश्वासाचा हात लागला की घड्याळ मरतं, माय," महाराज गोड आवाजात म्हणाले. "आन् घड्याळ मेलं तर त्याच्या मालकाचं काय व्हईल, त्येचं पाप कुणाच्या माथी?"

लोकांनी आपापली मनगटं झाकून घेतली. मग सतरंजीवरून सिंधुबाई उठल्या. पोटात गाठ असलेल्या त्याच. ऑपरेशनची तारीख त्यांनी महाराजांच्या शब्दावर सोडून दिली होती. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "उघड. मरायचंच आसंल तर कशानं त्ये तरी कळू दे."

मी झाकण उघडलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ठोकलेला नंबर मोठ्यानं वाचला. चार शून्य सात एक आठ. दुसऱ्यानं आपलं दिलं. चार शून्य सात एक आठ. तिसऱ्यालाही तोच. पाचव्याच्या वेळी मी वाचायच्या आधीच बायका आकडे बोलायला लागल्या.

"हे माझ्या वडिलांचं खरं घड्याळ. याचा नंबर याच्या एकट्याचा आहे. कंपनी दोन घड्याळांना एक नंबर देत नाही. दोन ट्रॅक्टरांना एकच चेसिस नंबर असला तर काय म्हणाल?"

"एक चोरीचा," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"पण चालू कशी व्हतात, ते सांग की," दुसरा म्हणाला. रास्त प्रश्न होता. सेवेकरी आडवा आला, पण दोघा-तिघांनी त्याला बाजूला घेतलं. मी घंगाळातल्या डब्यातून एक गार घड्याळ काढलं आणि सिंधुबाईंच्या मुठीत दिलं.

"याला चावी भरून ठेवलीय. आत तेलाऐवजी घट्ट ग्रीस आहे, गार पाण्यात ते थिजतं आणि चाक अडकतं. मुठीची ऊब लागली की पातळ होतं. मग एक झटका पुरतो. मंत्र म्हणू नका, नुसतं धरा."

सगळी शेड त्या म्हाताऱ्या मुठीकडं बघत होती. दोन मिनिटांनी मी म्हटलं, झटका द्या. त्यांनी दिला आणि घड्याळ कानाला लावलं. मग शेजारणीच्या कानाला लावलं. ते तसंच रांगेनं फिरत गेलं.

घड्याळ खांबापाशी पोचलं, पण जोतीरामनं ते हातात घेतलं नाही. तो पुढं चालत आला. "म्हंजी ती गोळीनं न्हाय गेली?"

"नाही, जोतीरामभाऊ. रेश्मानं दिलेल्या गोळीनं काही झालं नाही. गोळ्या बंद झाल्या म्हणून गेली."

"बंद मी केल्या," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "आईनं टाकल्या, पण मीच म्हणलो, टाक." तो खाली बसला आणि सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत राहिला. मीही त्याच्याशेजारी बसले. बायकोवरचा आळ गेला होता, पण तो हवेत विरला नव्हता. तो आता या माणसावर बसला होता, थोडा प्रयागबाईंवर, थोडा माझ्यावर. आणि ज्याच्यावर बसायला हवा होता, तो मागच्या वाटेनं गाडीत चढत होता.

त्याला पुलावर पोरांनी अडवलं. पोलिसपाटलांनी ठाण्यात फोन केला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नोंदवली गेली. तक्रारीवर पहिली सही जोतीरामची आहे, दुसरी माझी. गाडीत पोतंभर घड्याळं सापडली. महाराज एकवीसच का म्हणायचे, देव जाणे, मोजली तेव्हा दोनशेच्या वर निघाली.

जोतीराम वडगावला जाऊन बायकोपुढं सगळं बोलला. रेश्मानं ऐकून घेतलं. ती परत आलेली नाही, आणि यावं असं मी तिला सांगणार नाही. सिंधुबाईंचं ऑपरेशन झालं. उशीर झाला होता, डॉक्टर फार आशा देत नाहीत. अजून खटला उभा राहायचाय.

हे लिहिलं ते एवढ्यासाठी. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी वस्तू हातात मागा, उघडा, खरीच्या शेजारी ठेवून बघा. जो उघडू देत नाही त्याच्यापासून लांब राहा. औषध बंद करायचा सल्ला डॉक्टराशिवाय कुणी दिला तर तो कितीही गोड बोलत असो, ऐकू नका. आणि तुम्ही त्या गर्दीत असाल, तुम्हाला ती युक्ती कळली असेल, तर त्याच वेळी उठून बोला. मी त्या पहिल्या गुरुवारी बोलले असते तर छकुली या जूनमध्ये पाचवीत गेली असती.