एका काठवटीत

कोंडीराम बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला होता तेव्हा त्याच्या बोटीचं इंजिन आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टच्या टाकोराडी बंदरात बिघडलं आणि तो अख्खा पावसाळाभर तिथं अडकला. पुढे तो परळच्या गिरणीत लागला, पण टाकोराडी काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. गिरणीसमोरच्या इराण्याकडे चहा आला की हा सुरू. कंद आणि कच्ची केळी उकडून मुसळानं कांडलेला फुफू, जो चावायचा नाही, नुसता गिळायचा. मक्याचं पीठ आंबवून, कणसाच्या सालीत बांधून उकडलेलं केंके. ताडाच्या लाल तेलातली चवळी, आल्यामिरचीत घोळून तळलेली पिकली केळी. ऐकणाऱ्यांना मग समोरचा ब्रून पाव गोड लागायचा नाही.

पण त्याला सगळ्यात गोड लागलेली गोष्ट वेगळीच होती. तिथल्या गोदीतला सुतार कोबिना त्याला घरी न्यायचा आणि घरातले सगळे पुरुष, हा पाहुणा धरून, एकाच लाकडी भांड्याभोवती बसून जेवायचे. तू कुणातला, असं कुणी विचारलं नाही. आपल्या मुलखात हे सुख त्याला मिळालं नव्हतं.

राजाराम सावंत त्याचा जिवाभावाचा दोस्त. राजाराम मागावर आणि कोंडीराम सूतखात्यात, कारण मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि महाराच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालत नसे. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात मात्र दोघं एकाच फलकाची दोन टोकं धरून घसा फोडत. राजाराम मनानं चांगला होता, यात वाद नाही. फक्त इतक्या वर्षांत कोंडीरामच्या घरात त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. छप्पनच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर कोंडीराम आणि त्याची बायको बकुळा बौद्ध झाले, तरीही नाही.

सत्तावन्नच्या मार्चात गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला आणि त्याच महिन्यात गिरणगावात समिती निवडून आली. गुलालानं माखलेला राजाराम कोंडीरामच्या गळ्यात पडून म्हणाला, "कोंड्या, नुसत्या गप्पांनी पोट भरत नाय रे! रविवारी येतो घरी. एका भांड्यात जेवू, तुझ्या त्या कोबिनासारखे."

तेव्हापासून कोंडीरामला दुसरं काही सुचेना. समिती जिंकली होती, पण त्याची जीत अजून रविवारी व्हायची होती.

फुफूचा कंद मुंबईत कुठं मिळेना, म्हणून शेंगदाण्याच्या रश्शात भाताचे गोळे, असा तिथलाच दुसरा बेत ठरला. शीव कोळीवाड्यातून सुकी मासळी आली, कोंबडी आली. बकुळानं शेंगदाणे भाजून पाट्यावर तेल सुटेपर्यंत वाटले. कोंडीराम गुरगुट्या भात पळीनं घोटून ओल्या हातानं गोळे वळत बसला.

"लाडू करताय की जेवण?" बकुळा हसली.

हसली खरी, पण तिला धास्ती होती. गेल्या वर्षी नवऱ्यानं असाच एक दोस्त जेवायला आणला होता आणि ताट समोर आल्याबरोबर त्या गृहस्थांना एकाएकी उपास आठवला होता. ते भरलं ताट उचलताना नवऱ्याचा झालेला चेहरा ती विसरली नव्हती. पुन्हा तो चेहरा बघायचा नाही, म्हणून ती सकाळीच समोरच्या चाळीत राजारामच्या बायकोकडे, कौसल्येकडे, जाऊन त्यांच्या घरचं एक ताट मागून घेऊन आली. कोंडीरामला तिनं हे सांगितलं नाही.

राजाराम आला, हातपाय धुऊन बसला. मध्ये लाकडी काठवट, तिच्यात तांबूस रस्सा आणि पांढरे गोळे. कोंडीरामनं पहिला घास मोडला. राजारामनं हात पुढे केला. बोटं रश्शावर पोचली होती.

तेवढ्यात बकुळानं ताट पुढे सरकवलं. काठावर राजारामच्या बापाचं नाव कोरलेलं होतं.

"वैनींकडनं आणलंय, भावोजी. तुम्हाला अवघड नको."

राजारामचा हात मागे आला. त्यानं ताटाकडे बघितलं, आणि त्याचे खांदे सैल पडले. ओझं उतरल्यागत. कोंडीरामनं ते नेमकं पाहिलं. मग राजाराम आपल्या ताटात पोटभर जेवला, रश्शाची तारीफ केली, कोबिनाची चौकशी केली. कोंडीरामनं काठवटीतलं एकट्यानं खाल्लं. त्याच्या तोंडाची चव गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात कौसल्या भेटली.

"बरं झालं बाई ताट नेलंत," ती म्हणाली. "आमचे हटूनच बसलेले. सासूबाई रडल्या, तरी ऐकेनात. कोंड्याच्याच भांड्यात जेवणार, मग घरात घेतलं नाय तरी चालेल, म्हणाले."

बकुळा तशीच घरी आली. कोंडीराम पाळी संपवून आल्यावर तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "पुन्हा बोलवा त्यांना. मी मधे येणार नाय."

"बोलवलं आज," कोंडीराम म्हणाला.

"मग?"

"येतो म्हणाला, खुशीत. म्हणाला, वैनींना सांग, ते ताट राहू दे तुमच्याकडेच. बरं पडेल."

बकुळानं त्या ताटाकडे बघितलं.

"बाहेर लोक आपलं ताट वेगळं मांडतात हो," ती म्हणाली. "आपल्या घरात मीच मांडलं."