चवीवरून ठरवलेलं औषध

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दर वर्षी औषधांच्या चाचण्यांचा धडा शिकवतो. आमची ही गेल्यानंतर यंदा पहिल्यांदाच शिकवत होतो, आणि नेमकं त्याच दिवशी चार वाजता मला हॉस्पिटलात बोलावलं होतं. ही ज्या चाचणीत होती ती संपली होती. हिला खरं औषध मिळत होतं की नुसती साखर, ते आता मला सांगणार होते.

मला एवढंच ऐकायचं होतं, की साखर होती.

वर्गात मी नेहमीसारखं सांगितलं. निम्म्या पेशंटना खरं औषध देतात, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल. कोणाला काय मिळालं ते पेशंटला माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं.

"म्हणजे आमच्या तोंडी परीक्षेसारखं," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला. "उत्तर आम्हालाही माहीत नसतं आणि विचारणाऱ्यालाही."

वर्ग हसला. मीही हसलो असेन.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिने हात वर केला. "सर, पण घरी कोणी कॅप्सूल उघडून चाखून बघितली तर?"

"असं कोण करतं?"

"मी केलं असतं."

"तू काय, गिळलेल्या गोळीचीसुद्धा उलटतपासणी घेशील," तिची शेजारीण म्हणाली. पुन्हा हशा झाला. मी फळा पुसायला घेतला. त्यावर अजून अर्धंच लिहून झालं होतं.

कॅप्सूल मीच उघडली होती.

हिला रक्ताचा कॅन्सर होता. नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी ही चाचणी सुचवली. सहा आठवडे झाले तरी रिपोर्टमध्ये फरक दिसेना. माझ्या जागी आमचा शेजारी असता, तर त्याने कॅप्सूल आणि पाण्याचा ग्लास बायकोच्या हातात दिला असता आणि गप्प बसला असता. मला जास्त कळत होतं. या जातीची औषधं कडूजहर असतात, हे मी वाचलं होतं. एका सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एक कॅप्सूल बशीत उघडली आणि आतली भुकटी बोटाने जिभेला लावली. कडू मुळीच नव्हती. किंचित गोडच लागली.

"काय हो प्रोफेसर, आता माझ्या औषधातही वाटा हवा का?" ही म्हणाली.

"अगं, ही साखर आहे. तुला खोटी कॅप्सूल देताहेत."

"नक्की?"

"नक्की."

तिने बशी बाजूला सरकवली. "मग कशाला जायचं दर आठवड्याला सुया टोचून घ्यायला? माझ्या हातावर आता जागा राहिलेली नाही." आणि मग म्हणाली, "तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही म्हणाल तसं."

त्याच आठवड्यात आम्ही चाचणी सोडली. दुसऱ्या डॉक्टरांकडे जुनी औषधं पुन्हा सुरू केली. पाच महिन्यांनी ती गेली.

वर्ग संपवून चार वाजता हॉस्पिटलात गेलो, तर हिचं रक्त घ्यायची ती नर्स कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिने खुर्ची पुढे केली.

"सर, मॅडम औषधाच्या गटात होत्या."

"कोणत्या?"

"खऱ्या औषधाच्या."

"पुन्हा एकदा बघता का, ताई?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. हिचा नंबर मला पाठ होता. त्याच्यापुढे औषध असंच लिहिलं होतं.

"पण कडू लागत नव्हतं," मी बोलून गेलो.

काय झालं असणार ते तिच्या लक्षात आलं. हळू आवाजात म्हणाली, "नाही लागायचं, सर. औषधाच्या बारीक दाण्यांवर लेप दिलेला असतो आणि सोबत साखर असते. नाहीतर सगळ्यांना चवीवरूनच कळलं असतं."

दोन्ही कॅप्सूल चवीलाही सारख्या ठेवतात. हे वाक्य माझ्याच नोट्समध्ये आहे. बारा वर्षं मुलांना उतरवून देतो आहे.

"औषधाचा उपयोग झाला का लोकांना?"

"झाला. सरासरी सात महिने जास्त मिळाले." मग घाईने म्हणाली, "पण सरासरीवरून एका माणसाचं काही सांगता येत नाही, सर. त्यांना कदाचित काहीच मिळालं नसतं."

तेही मीच शिकवतो. ते खरं आहे. मी तिचे आभार मानून बाहेर आलो. जिन्यात बराच वेळ उभा होतो. येणारे-जाणारे म्हणत होते, "काका, जरा बाजूला व्हा."

दुसऱ्या दिवशी वर्गात पुढचा भाग होता. ज्याला औषध द्यायचं ठरलं, त्याने ते मधेच सोडलं तरी त्याला शेवटपर्यंत औषधाच्याच गटात धरतात.

"म्हणजे बंद केल्यावर माणूस गेला, तरी तो औषध घेऊन गेला असं धरायचं?" वकीलबाई म्हणाली. "हा तर औषधावर अन्याय आहे, सर."

"सोडणाऱ्यांना वगळलं तर निकाल फसवा येतो. ते का सोडून गेले, हे आपल्याला माहीत नसतं."

"मग त्यांना विचारायचं."

"विचारतात. फॉर्मवर कारण लिहायला एक ओळ असते."

"काय लिहितात लोक?"

हिचा फॉर्म मीच भरला होता. तिने फक्त सही केली, तीही न वाचता.

"वैयक्तिक कारण," मी म्हणालो.

वकीलबाईने ते वहीत लिहून घेतलं आणि हे परीक्षेला येतं का, असं विचारलं. मी म्हटलं, येतं.