वाढत्या अंगाचा दांडा

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. मित्रांनो, बॅले नावाच्या नाचात आडव्या दांड्यावर हात टेकवून पाय उचलायला, गुडघे वाकवायला शिकतात. तसला मी. मला स्वतःचे पाय आहेत, म्हणून भिंतीत न ठोकता घरात कुठंही ठेवता येतो.

माझा जन्म अमडापूरला, खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या कुलदीपच्या शेडमध्ये झाला. मोबाइलवर बघून नाचणाऱ्या तिसरीतल्या पायलसाठी तिची आई मयुरी माप सांगत होती.

"कुलदीपभाऊ, हिच्या कमरेइतकाच ठेवा."

सोबत आलेल्या सासूबाईंना, बनाबाईंना, ते पटेना. "कमरेइतका काऊन? पोरगी वाढून राह्यली. फराक घेतो तसा वाढत्या अंगाचा कर, बापा."

"आजी, फराक खालून दुमडता येते. दांडा कसा दुमडू?"

"नोको दुमडू. उंचच ठेव, दोन सालात पुरते तिले."

सासूबाई नातीसाठी एवढ्या हौसेनं आलेल्या. मयुरीनं कुलदीपला मान डोलावली. मी पायलच्या छातीइतका झालो.

घरी आलो तेव्हा आजीनं मला पदरानं पुसलं. शेजारची पुष्पांजली बघायला आली. "म्हैस बांधता काय वो याले?"

"माही नात नाचते त्याच्यावर," आजी तोऱ्यात म्हणाली.

पायल नाचायची. पण माझ्यापर्यंत हात न्यायचा तर तिचा खांदा कानाला लागायचा. दमली की ती मला लोंबकळायची. उंचीच्या मानानं माझे पाय अरुंद. एका दुपारी तिनं मागं पाय उचलला, सगळा भार माझ्यावर टाकला, आणि मी तिच्या घोट्यावर कोसळलो.

घोट्याचं मोडलेलं हाड जुळलं. पायल मात्र माझ्याजवळ येईना.

"कापून आणू का गं, तुझ्या मापाचा?" मयुरीनं विचारलं.

"राहू दे मम्मी. कपडे वाळवाले कामी येईल."

त्या दिवशी आजी जेवली नाही.

तेव्हापासून मी गच्चीवर आहे. रंग उडाला, सांध्यांना गंज चढला. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी लहान काही शिकू लागलं, तर त्याचं आजचं माप घ्या. भार टाकण्याआधी दांडा हलवून बघा. शिकणाऱ्याला आत्ता टेकायचं असतं.

पायल आता नववीत आहे. ओला गणवेश टाकताना कधी तिचा हात माझ्यावर विसावतो. कोपर सैल, खांदा खाली, अगदी हवा तसा. आता ती पाय उचलेल म्हणून मी वाट बघतो.

ती चिमटा लावते आणि खाली जाते.